न्यूझीलंडच्या जुन्या प्रतिनिधीगृहाची मराठी यादी (१८५३–१८८१): कामाच्या नोंदी

३ जून २०२४

इथे न्यूझीलंडला राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, बाहेर पाऊस, घरात हीटर. आज काम सुरू केलं.

काय करायचंय ते आधी लिहून ठेवते. न्यूझीलंड ब्रिटिशांची वसाहत असताना तिथल्या पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, कोण कोण बसलं त्याची मराठी यादी करायची. सुरुवात १८५३ च्या पहिल्या निवडणुकीपासून, शेवट १८८१ ला. नाव, मतदारसंघ, कधीपासून कधीपर्यंत आणि जागा का सुटली, एवढंच. १८८१ ला थांबायचं कारण सोयीचं आहे. तोवर काही मतदारसंघांतून दोन-दोन, तीन-तीन सभासद जायचे. १८८१ च्या निवडणुकीला एक मतदारसंघ, एक सभासद असं झालं. त्यापुढची यादी ज्याला करायची त्याने करावी, त्यात डोकेदुखी कमी आहे.

हे खूळ डोक्यात शिरलं ते मुलाला सायकल शिकवताना. आम्ही क्राइस्टचर्चला कॅशमीरच्या टेकडीच्या पायथ्याशी राहतो. तिथे शालामार ड्राइव्ह आहे, बेंगॉल ड्राइव्ह आहे. पोरगं विचारतं, "आई, ही आपली नावं इथे कशी?" उत्तर म्हणजे जॉन क्रॅक्रॉफ्ट विल्सन. मद्रास इलाख्यात जन्मला, कंपनी सरकारच्या नोकरीत वाढला, १८५७ च्या धामधुमीत मुरादाबादला होता. त्याआधी १८५४ ला कँटरबरीत, म्हणजे आमच्या या प्रांतात, येताना त्याने सोबत हिंदुस्थानी नोकर आणले आणि जमिनीला काश्मीरचं नाव दिलं. लोक त्याला 'नबाब' म्हणायचे. हा नबाब पार्लमेंटातही होता. मग म्हटलं, याच्या शेजारी कोण बसायचं ते बघू.

माझा अंदाज तीन आठवड्यांचा. (हे वाक्य मुद्दाम खोडत नाही.)

९ जून

दोन संध्याकाळी पूर्ण वाया गेल्या. कारण इतकं साधं की सांगायला लाज वाटते. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख कळतच नाही. मी पगारपत्रकं करणारी बाई, वीस वर्षं एक्सेलवर आहे, पण १९०० च्या आधी जन्मलेल्या कुणाचा पगार काढायची वेळ कधी आली नाही. २४ मे १८५४ (पार्लमेंटची पहिली बैठक, ऑकलंड) ही तारीख घातली, ती शीटने निमूटपणे मजकूर म्हणून ठेवून घेतली. चूक दाखवली नाही, काही नाही. तारखेप्रमाणे लावायला गेले तर १ ऑक्टोबर १८५३ आधी आणि १४ जुलै १८५३ नंतर, कारण नुसता पहिला आकडा बघून क्रम लागत होता.

उपाय दोन. एक, लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये जायचं, त्याला जुन्या तारखा चालतात. दोन, तारीख मजकूर म्हणूनच ठेवायची पण वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने: १८५४-०५-२४. मी दुसरा घेतला, कारण फाइल कुणीही कशातही उघडली तरी क्रम बिघडणार नाही. महिना आणि दिवस दोन अंकीच हवेत, ५ नाही, ०५. हे विसरलं की परत पहिल्या जागी.

१६ जून

पहिल्या पार्लमेंटचा हिशोब लागत नाही. सभासद ३७, मतदारसंघ २४. माझ्याकडे ३७ पेक्षा बऱ्याच जास्त ओळी.

चूक माझ्या रचनेत होती. मी एका माणसाला एक ओळ दिली. त्या काळचा सभासद मात्र येऊन-जाऊन असायचा. पार्लमेंट ऑकलंडला, निवडून देणारे दक्षिणेला ड्युनेडिनमध्ये, मध्ये बोटीचा प्रवास आणि आठवडेच्या आठवडे घरदार, मेंढ्या वाऱ्यावर. एक अधिवेशन बघितलं की पुष्कळांचा उत्साह संपायचा. स्पीकरला पत्र लिहून मोकळे. शिवाय नियमच होता की परवानगी न घेता पूर्ण अधिवेशन चुकवलं तर जागा रिकामी. मग पोटनिवडणूक, नवा माणूस, पुन्हा तेच.

हेन्री स्यूएल बघा. हा न्यूझीलंडचा पहिला प्रधान, मे १८५६ मध्ये जेमतेम दोन आठवडे टिकला. हा खालच्या सभागृहात तीनदा आला-गेला आणि वरच्या सभागृहात, म्हणजे नेमलेल्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात, दोनदा जाऊन आला. एका ओळीत याला बसवायला मी 'पासून-पर्यंत'चे तीन जोड रकाने केले. मग दुसऱ्या कुणाला चार लागले असते. तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही, आणखी आठवडाभर तशीच भरत राहिले.

२३ जून

रचना मोडली. आता एक ओळ म्हणजे एक 'बसणं': एक माणूस, एक मतदारसंघ, एक सलग काळ. तोच माणूस परत आला तर नवी ओळ. माणसांची वेगळी शीट, त्यात प्रत्येकाला क्रमांक, आणि बसण्याच्या शीटमध्ये नावाऐवजी तो क्रमांक. आधी भरलेलं सगळं हाताने फोडलं. अकरा तास गेले.

कुणी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीची किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या केप कॉलनीची अशी यादी करणार असेल तर हे पहिल्या दिवशी करा.

३० जून

आजची चूक मला आवडली, कारण तिच्यातून काहीतरी कळलं.

जुनी वर्तमानपत्रं 'पेपर्स पास्ट' या संग्रहात फुकट वाचता येतात, न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं काम, देवमाणसं आहेत. त्यात १८५५ च्या निवडणुकीच्या बातम्या वाचून मी विजेते टिपत होते. काही नावं नंतरच्या सरकारी यादीशी जुळेनात. बातमीत स्वच्छ लिहिलंय की अमुक साहेबांच्या बाजूने कौल, आणि यादीत दुसराच.

बातमी मी अर्धीच वाचत होते. तेव्हा निवडणूक दोन टप्प्यांत व्हायची. उमेदवारीच्या दिवशी मैदानात मंच घालायचा, उमेदवाराचं नाव कुणीतरी सुचवायचं, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, भाषणं, हुर्यो, आणि जमलेल्यांनी हात वर करायचे. हात वर करणाऱ्यांत मतदार किती आणि बघे किती हे कोण मोजतंय! तिथे हरलेला म्हणायचा, मला रीतसर मतदान पाहिजे. मग पुढच्या तारखेला मतदान, तेही उघड. मतदाराने अधिकाऱ्यासमोर आपलं मत सांगायचं. गुप्त मतदानाचा कायदा १८७० चा, म्हणजे १८७१ ची निवडणूक ही पेटीतली पहिली. मी मैदानातल्या हातांना निकाल धरत होते.

नियम केला: बातमीत 'मतदानाची मागणी' हे शब्द आहेत का ते बघायचं. असतील तर पुढचा अंक उघडायचा. दुसरा उमेदवारच नसेल तर तिथल्या तिथे बिनविरोध. बे ऑफ आयलंड्सचा ह्यू कार्लटन असाच पहिल्या निवडणुकीत बिनविरोध आला, आणि सगळ्यांत आधी निवडून आलेला म्हणून पुढे वडीलकीचा मान मिरवत राहिला.

'मिळालेली मतं' हा रकाना काढून टाकला. इतके बिनविरोध आहेत की रकाना निम्मा रिकामा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं मी आळस केला.

७ जुलै

नावापुढच्या अक्षरांनी घात केला. एम.एच.आर. म्हणजे प्रतिनिधीगृहाचा सभासद. एम.पी.सी. म्हणजे प्रांतिक कौन्सिलाचा. एम.एल.सी. म्हणजे वरच्या सभागृहाचा. १८७६ पर्यंत देशात प्रांत होते, प्रत्येकाचं आपलं कौन्सिल, आपला सुपरिंटेंडंट (प्रांताचा प्रमुख), आणि बरेच लोक दोन्हीकडे. ओटागोचा जेम्स मॅकअँड्र्यू तर सुपरिंटेंडंटही आणि पार्लमेंटातही. कर्जापायी तुरुंगाची वेळ आली तेव्हा या गृहस्थाने आपल्या अधिकारात स्वतःच्याच घराला तुरुंग जाहीर केलं. (आपल्याकडच्यांना ही युक्ती कळू नये.)

जुन्या छपाईचं यंत्राने केलेलं वाचन एम.एच.आर. ला एम.एच.ई. वाचतं, एम.एच.बी. वाचतं, आणि एम.पी.सी. ला वाट्टेल ते. शोधपेटीत नुसतं एम.एच.आर. टाकून जे सापडलं त्यावर मी तीन दिवस विसंबले. आता नाव आणि मतदारसंघ टाकून शोधते आणि पानाचं मूळ चित्र डोळ्यांनी बघते. वेळ तिप्पट.

१४ जुलै

सासऱ्यांना कामाला लावलंय. अप्पा साताऱ्याला असतात, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. मी पानं पाठवते, ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतात, लाल शाईने खुणा करतात आणि पानाचा फोटो धाडतात. फोटोत पानावर हमखास चष्म्याची सावली असते आणि एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल.

आज फोटो आला त्यात वेकफिल्डच्या ओळीला दोन लाल वेढे आणि बाजूला, त्यांच्या त्या ताठ अक्षरात: 'मृत्यू १८६२. निवड १८७१. कसे?'

फोन केला. "अप्पा, काय झालं?"

"अगं, तुझा हा माणूस मेल्यावर नऊ वर्षांनी निवडून आलाय. तिथे काय भुतं मतं देतात का?"

वेकफिल्ड तीन आहेत. एडवर्ड गिबन वेकफिल्ड, वसाहतीच्या योजना आखणारा, हटचा सभासद, १८६२ ला वेलिंग्टनला वारला. त्याचा मुलगा एडवर्ड जर्निंगहॅम, त्याच पहिल्या पार्लमेंटात क्राइस्टचर्च कंट्रीकडून, आणि पुन्हा १८७१ ला क्राइस्टचर्च ईस्टकडून. आणि पुतण्या, नुसताच एडवर्ड, १८७५ पासून जेराल्डिनचा. बातम्यांत तिघेही 'मि. ई. वेकफिल्ड'. मी क्रमांक देताना तिघांचा एकच माणूस केला. बाप-लेक एकाच सभागृहात एकाच वेळी बसलेत ही शक्यताच मनात आली नव्हती.

जर्निंगहॅमबद्दल एक गोष्ट सांगतात. दारूचं व्यसन. महत्त्वाच्या मतदानाला शुद्धीत राहावा म्हणून पक्षाच्या लोकांनी त्याला एका खोलीत कोंडलं, तर विरोधकांनी धुराड्यातून दोरीने व्हिस्कीची बाटली खाली सोडली. अप्पांना ही सांगितल्यापासून ते रोज विचारतात, पुढचं पान कधी.

दुरुस्ती: माणसांच्या शीटमध्ये जन्म-मृत्यूची वर्षं घातली आणि मृत्यूनंतरची निवड आली की ओळ लाल होईल अशी सोय केली. लाल झालेल्या सगळ्या ओळी एकाच आडनावाच्या काका-पुतण्यांनी किंवा भावांनी खाल्लेल्या निघाल्या.

१७ जुलै

आषाढी. भगर, दाण्याची आमटी. यादीला हात लावला नाही.

२१ जुलै

मराठी शब्दावरून अप्पांशी वाद. मी 'खासदार' लिहिलं होतं. ते म्हणतात वसाहतीच्या कायदेमंडळात बसतो तो आमदार. मी म्हटलं, देशाचं पार्लमेंट आहे, प्रांतांची कौन्सिलं खाली वेगळी. त्यावर त्यांनी जगन्नाथ शंकरशेट काढले: १८६२ ला मुंबईच्या कौन्सिलात गेले, त्यांना खासदार म्हणशील का? मी म्हटलं, त्यांना गव्हर्नराने नेमलं होतं, मतं मागायला ते गिरगावात फिरले नव्हते. इथे १८५३ पासून निवडणूक. अर्थात इथेही मत कुणाला, तर एकवीस वर्षांच्या पुरुषाला, आणि त्याच्याकडे पन्नास पौंडांची जमीन किंवा ठराविक भाड्याचं घर पाहिजे. वेगवेगळ्या मतदारसंघांत जमिनी असतील तर प्रत्येक ठिकाणी एकेक मत. पहिल्या मतदारयादीत सहा हजारसुद्धा नावं नव्हती.

तोडगा: रकान्याचं नाव 'सभासद'. दोघांचंही समाधान झालं नाही म्हणजे बरोबर असावं.

११ ऑगस्ट

माओरी सभासद. चार ओळी भरायला दोन आठवडे गेले.

१८६७ चा कायदा, चार माओरी मतदारसंघ: उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण. कायदा पाच वर्षांपुरता होता, तो वाढवला आणि पुढे कायमचा केला. जमीन सामाईक, कुळाच्या नावावर, त्यामुळे पन्नास पौंडांच्या अटीत माओरी पुरुष बसत नसत. या चार जागांसाठी ती अट नव्हती, एकवीस वर्षांचा कुठलाही माओरी पुरुष मत देऊ शकत होता. म्हणजे मताची अट गोऱ्यांपेक्षा सैल आणि जागा मात्र सभागृहात चारच. गोऱ्यांना १८७० ला गुप्त मतदान मिळालं, माओरी मतदारसंघांत ते १९३८ ला आलं.

१८६८ चे पहिले चौघे: फ्रेडरिक नेने रसेल, मेते कींगी पाएताही, तारेहा ते मोआनानुई, जॉन पॅटरसन.

चूक पहिली. पॅटरसन हाच होने पारातेने. मी दोन माणसं धरली आणि दक्षिणेला एका जागेवर दोघांना बसवलं.

चूक दुसरी अप्पांनी पकडली. तारेहाच्या ओळीत लाल खूण: 'ते कोण?' मी 'तारेहा ते मोआनानुई' लिहिलंय आणि मराठी वाचणारा 'ते' हे सर्वनामच वाचणार, जसं काही 'तारेहा, ते मोआनानुई'. जोडचिन्ह घालून पाहिलं, 'ते-मोआनानुई', तर ते नावात नसलेलं चिन्ह. शेवटी जोडचिन्ह न घालता ठेवलं आणि यादीच्या वर एक ओळ टीप घातली. हा तारेहा सभागृहात भाषण करणारा पहिला माओरी, त्याचं नाव तरी नीट लागावं.

मग ऱ्हस्व-दीर्घ. माओरीत आ आणि अ यांतला फरक अर्थ बदलतो आणि तो दाखवायला अक्षरावर आडवी रेघ देतात. जुन्या वर्तमानपत्रांत ती रेघ कधीच नाही. इंग्रजीवरून लिहिणाऱ्याला हा फरक मांडता येत नाही, आपल्याला देवनागरीत आयता मिळतो, म्हणून मी हुरळून गेले. पण रेघ कुठे आहे ते आधी आजच्या लेखनावरून तपासावं लागतं. कींगी दीर्घ, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

'ङ' चं काय करायचं ते सुटलेलं नाही. वांगानुई या गावाच्या नावातला ग आपल्या 'रंग'मधल्यासारखा वाजत नाही, नाकातच राहतो. 'वाङानुई' लिहिलं तर अप्पा म्हणाले, हे अक्षर लोकांनी फक्त बालवाडीच्या तक्त्यावर पाहिलंय. 'वांगानुई' ठेवलं. चुकीचं आहे, वाचता येतं.

२५ ऑगस्ट

मतदारसंघांची नावं भाषांतर करायची की तशीच ठेवायची? 'सबर्ब्ज ऑफ ऑकलंड'ला आधी 'ऑकलंड उपनगरे' लिहिलं. मग 'पेन्शनर सेटलमेंट्स' आला: ऑकलंडभोवतीच्या हाउइक, ओनेहंगा, ओटाहूहू, पानम्यूर या वस्त्या, जिथे निवृत्त शिपाई वसवले होते, त्यांचा मिळून एक मतदारसंघ. 'निवृत्तिवेतनधारक वसाहती' लिहिलं आणि आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस वाटायला लागली. सगळी भाषांतरं परत फिरवली, नावं तशीच.

'गोल्ड फील्ड्स'ही तसाच ठेवला. ओटागोत सोनं सापडलं, खाणवाले हजारोंनी आले, जमीन कुणाच्या नावावर नाही. म्हणून त्यांच्यासाठी सगळ्या सोन्याच्या टापूवर पसरलेला वेगळा मतदारसंघ, आणि खाणीचा परवाना हाच मताचा हक्क. याचा नकाशा इतर मतदारसंघांच्या अंगावर पडतो. मी प्रत्येक गावाला एकच मतदारसंघ असेल असं धरून गावांचा रकाना केला होता, तो इथे फुटला. रकाना काढला.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. मोदकाचं सारण उरलंय, वेळ उरलेला नाही.

१५ सप्टेंबर

जॉर्ज ग्रे. दोनदा गव्हर्नर, मग साधा सभासद, मग प्रधान. १८७५-७६ च्या निवडणुकीत तो ऑकलंड वेस्ट आणि थेम्स दोन्हीकडून निवडून आला आणि शेवटी थेम्स ठेवलं. १८७९ ला पुन्हा थेम्स आणि क्राइस्टचर्च दोन्हीकडून. या वेळी क्राइस्टचर्चची निवड तक्रारीवरून रद्द झाली. माझी शीट म्हणते, एक माणूस एका वेळी दोन खुर्च्यांवर, चूक! इथे शीटच चूक होती.

असं जमायचं कारण म्हणजे मतदान एका दिवशी नसे. १८५३ ची निवडणूक १४ जुलैला सुरू होऊन १ ऑक्टोबरला संपली. १८६० ची १२ डिसेंबरला सुरू, संपली २८ मार्च १८६१ ला. सगळीकडे एका दिवशी मतदान (माओरी जागा आदल्या दिवशी) १८८१ पासून. त्यामुळे 'निवडणुकीचं वर्ष' हा रकानासुद्धा फसवा: तिसऱ्या पार्लमेंटाचे काही सभासद १८६० चे, बाकी १८६१ चे, आणि वर्ष लावून गाळणी केली की पार्लमेंट दुभंगतं. वर्षाऐवजी पार्लमेंटचा क्रमांक घातला, एक ते सात. 'स्थिती' नावाचा नवा रकानाही केला: बसला, सोडली, रद्द.

२९ सप्टेंबर

१८६७ च्या आधी सभागृहात काय बोललं गेलं हे सरकारने टिपलेलंच नाही. सरकारी वृत्तलेखक बसायला लागले १८६७ ला. आधीच्या वर्षांचे जे खंड आहेत ते नंतर, १८८० च्या दशकात, वर्तमानपत्रांतून जुळवलेले. मी ते खंड आणि वर्तमानपत्र असे दोन पुरावे धरून एकमेकांशी ताडून खूश होत होते. पुरावा एकच होता, दोन कपड्यांत. 'दोन ठिकाणी तपासलं' अशी हिरवी खूण केलेल्या ओळींची खूण काढली. जीव तुटला.

कागद नाहीत याचं एक कारण समुद्रातही आहे. १८६२ चं अधिवेशन ऑकलंडऐवजी वेलिंग्टनला भरवायचं ठरलं. सभासद आणि सरकारी दप्तर घेऊन 'व्हाइट स्वान' ही आगबोट निघाली आणि जूनअखेर वायरारापाच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटली. माणसं सगळी वाचली, दप्तर गेलं. ही बातमी वाचताना मी रात्री साडेअकराला एकटी स्वयंपाकघरात "अरे देवा" म्हणाले. बोटीतल्या लोकांसाठी नाही, कागदांसाठी.

१३ ऑक्टोबर

बेरजेचा ताळा. सार्वत्रिक निवडणुकांत भरायच्या जागा: ३७, ३७, ५३, ७०, ७८, ८८, ८८. शेवटच्या तीन आकड्यांत चार-चार माओरी जागा धरलेल्या. बेरीज ४५१. पोटनिवडणुका आणि मध्येच वाढवलेल्या जागा वेगळ्या खुणेने. माझ्या शीटमध्ये सार्वत्रिकच्या ओळी: ४५१.

तीनदा मोजलं. नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "छान," आणि कूस बदलली.

२० ऑक्टोबर

खर्च लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. वंशावळीच्या एका वेबसाइटची वर्गणी १३९ डॉलर, पूर्ण वाया, जन्म-मृत्यूची सगळी वर्षं फुकट मिळाली असती. ग्रंथालयात झेरॉक्स ११ डॉलर. अप्पांच्या छपाईचे त्यांनी सांगितले नाहीत, साडेचारशे रुपयांच्या आसपास असावेत. हिवाळ्यात रात्री जास्त चाललेला हीटर मी मोजत नाही. वेळ: वहीत मांडलेले १९६ तास, त्यातले साधारण सत्तर चुका करण्यात आणि निस्तरण्यात. तीन आठवड्यांचे साडेचार महिने झाले.

२७ ऑक्टोबर

शेवटची प्रत अप्पांना पाठवली होती. आज पहाटे, त्यांच्याकडे रात्र असताना, फोन.

"तुझा टेकडीवाला दोनदा आलाय."

"कोण टेकडीवाला?"

"नबाब गं. एकदा क मध्ये, एकदा व मध्ये."

चौथ्या पार्लमेंटात, १८६६, कोलरिज मतदारसंघ. एक ओळ 'क्रॅक्रॉफ्ट विल्सन', दुसरी 'विल्सन, जॉन क्रॅक्रॉफ्ट'. क्रमांकही दोन वेगळे. वर्तमानपत्रवाले कधी इकडून लिहितात, कधी तिकडून, आणि ज्या माणसामुळे हे सगळं सुरू केलं त्याला मी ओळखलं नाही.

मग बेरीज जुळली कशी? त्याच पार्लमेंटातल्या एका दोन-सभासदी मतदारसंघात मी दुसरा सभासद गाळला होता. एक जास्त, एक कमी, सत्तरचे सत्तर. पगारपत्रकात ही चूक मी दुसऱ्या कुणाची पकडली असती.

आता ताळा प्रत्येक पार्लमेंटात प्रत्येक मतदारसंघाचा: जागा किती, ओळी किती. लावल्यावर आणखी दोन ठिकाणी असंच निघालं, एक जास्त, एक कमी. ती दुरुस्त केली. विल्सनचा क्रमांक एकच ठेवला, ओळी तीन राहिल्या: क्राइस्टचर्च, कोलरिज आणि १८७२ ची हीथकोटची पोटनिवडणूक. वर्णक्रमात तो आता व मध्ये आहे आणि क मध्ये 'पाहा: विल्सन' एवढंच.

सुधारलेली पानं अप्पांना पाठवली. झेरॉक्सवाला दिवाळीला गावी गेलाय, तो आल्यावर बघतो म्हणाले.